गेटच्या दोन फूट अलीकडे

टी-शर्ट पिवळा होता आणि त्याच्या छातीवर माझ्या थोरल्या भावाचं तोंड छापलेलं होतं. असे पाचशे टी-शर्ट. सकाळी सहाला पुतण्याच्या वस्तीवर पोचलो तर गेटपासून विहिरीपर्यंत जिकडे बघावं तिकडे दादाच. कुणाच्या ढेरीवर दादा ताणला गेला होता, कुणी त्याच्यावर चहा सांडला होता, एका बाप्याने तर त्याच टी-शर्टच्या टोकाने नाक पुसलं.  

फोटोत दादाच्या डोक्यावर गुलाबी फेटा होता. दादाने उभ्या जन्मात असला फेटा बांधला नाही. पांढरी टोपी घालायचा, तीही बाजाराच्या दिवशी. फ्लेक्सवाल्याने कुठल्या तरी नवरदेवाचा फेटा त्याच्या डोक्यावर चिकटवला, अंगात जाकीट चढवलं आणि गालावरची पांढरी खुंटं पुसून टाकली. डोळे तेवढे राहिले होते. ते डोळे कुठे बघत होते हे त्या पाचशे लोकांत मला एकट्याला ठाऊक होतं, कारण तो फोटो मी काढलेला होता, गोठ्यापुढे उभा राहून.

फोटोखाली लिहिलं होतं, 'आबांच्या वाटेवर धावूया'. कै. कारभारी आबा स्मृती दौड. वस्तीपासून काष्टीच्या बैलबाजारापर्यंत जायचं आणि परत यायचं, पाच किलोमीटर. प्रवेश फीचं जे काही जमेल ते मेंदूच्या आजाराच्या रुग्णांसाठी. माझा पुतण्या वाल्मिक यंदा जिल्हा परिषदेला इच्छुक आहे. बापाचं वर्षश्राद्ध कीर्तनावर भागवलं असतं तर गावातली म्हातारी मंडळी आली असती. पळायचं ठेवलं म्हणून पोलीस भरतीची तयारी करणारी अख्ख्या गटातली तरणी पोरं आली. एवढं गणित त्याला शाळेत असताना कधी जमलं नव्हतं.

मी गोरक्षनाथ, कारभारीचा धाकटा भाऊ. श्रीगोंद्याच्या हायस्कुलात एकतीस वर्षं पीटीचा मास्तर होतो. फक्कीच्या रेघा मारणं, छातीवर नंबर टाचणं, शिट्टी आणि घड्याळ सांभाळणं यातच माझं आयुष्य गेलं, म्हणून वाल्मिकने मला पंच नेमलं. मी हो म्हटलं ते दौडीसाठी नव्हे. मी आलो होतो भागूबाई वहिनीसाठी.

वहिनी म्हणजे दादाची बायको, वाल्मिकची आई. संक्रांतीला आलो होतो तेव्हा तिने मला 'अमृत' म्हणून हाक मारली. अमृत तिचा भाऊ, त्याला जाऊन बारा वर्षं झाली. मला वाटलं चुकून तोंडात आलं असेल. मग माझ्यासमोर तिने एकाच म्हशीला तीनदा पेंड घातली आणि चौथ्यांदा पाटी भरायला निघाली.  दादाचं असंच सुरू झालं होतं. आम्ही सगळ्यांनी 'वय झालं, चालायचंच' म्हणत दोन वर्षं घालवली होती आणि त्यानंतर जे केलं ते सांगायला जीभ उचलत नाही, पण सांगणार आहे. वहिनीचं तसं होऊ द्यायचं नाही एवढं मी ठरवलं होतं. दौडीला नगरहून मेंदूचे डॉक्टर पाहुणे म्हणून येणार होते. त्यांना वहिनी दाखवायची, तिथल्या तिथे, आणि वाल्मिकला त्यांच्याच तोंडून ऐकवायचं.

फक्कीची रेघ मारून झाल्यावर वाल्मिकला बाजूला घेतलं. "वाल्मिक, तुझी आई विसरायला लागलीय. आज डॉक्टरांना दाखवू."

"नाना, आज नको." तो फोनमध्ये बघत होता. "आज लई गडबड हाय. आन् चारचौघात कशाला? लोक म्हनतील घरान्यातच हाय."

"मग कधी?"

"बघू की. कार्यक्रम तर हुंद्या."

असं म्हणून तो कुणाला तरी नमस्कार करायला पळाला. त्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरात छापलं होतं, 'विसरू नका, विसरणाऱ्यांना'. हे वाक्य कुठून आणलं म्हणून मी नंतर चौकशी केली. त्याने स्वतः रचलं होतं.

सात वाजता वहिनीला स्टेजवर आणून खुर्चीत बसवलं. नवं कोरं हिरवं लुगडं, आणि पायात एक चप्पल तिची नि एक सुनेची. हे मला खालून दिसलं, म्हणजे स्टेजवरच्यांनाही दिसलंच असणार. वाल्मिकने तिच्या हातात झेंडा दिला आणि माईकवर म्हणाला, "आता आमच्या मातोश्री झेंडा दावतील." वहिनीने झेंड्याकडे बघितलं, मग गर्दीकडे. तिला वाटलं असेल पाखरं हाकायला सांगितलीयत, कारण तिने तो झेंडा डोक्यावरून गरागरा फिरवला. मी शिट्टी मारली, पोरं सुटली. पोरं गेटबाहेर पडली तरी वहिनी झेंडा फिरवतच होती. "हाड, हाड," म्हणत होती. शेजारचा पाहुणा हसला आणि मग त्याने तोंडावर रुमाल धरला.

"मातोश्री भावुक झाल्यात," वाल्मिक माईकवर म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा मला एवढा वीट आला की घड्याळ सुरू करायचं राहून गेलं. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. नंतर मी सगळ्यांच्या वेळा अंदाजाने लिहिल्या आणि कुणालाही त्याचं काही वाटलं नाही.

पोरं गेल्यावर मैदान रिकामं झालं. मी रेघेपाशी उभा होतो. तिथून समोर गोठा दिसत होता, त्याचा सागवानी खांब, आणि डावीकडे लोखंडी गेट. त्या दोघांमधलं अंतर मला आजही विचारा. एकशे दोन फूट.

दादाने पन्नास वर्षं बैलांचा व्यापार केला. दर शनिवारी पहाटे उठून इथून काष्टीच्या बाजाराला पायी जायचा. सगळं विसरला, वाल्मिकचं नाव विसरला, भाकरी कशी मोडायची ते विसरला, पण शनिवार विसरला नाही. आधी तो फक्त शनिवारी निघायचा. मग कुठल्याही दिवशी निघायला लागला. एकदा बैलांच्या दावणीशी उन्हात बसलेला सापडला, अंगात नुसतं धोतर. एकदा हमरस्त्यावर टेम्पोवाल्याने कसाबसा वाचवला. वाल्मिक त्याला खोलीत कोंडायचा, तर दादा दारावर डोकं आपटायचा. कपाळ सुजलेलं बघून मी एके दिवशी संतापलो. "जनावर आहे का तो कोंडायला?" म्हणालो. आणि त्यावर उपायही मीच काढला.

शाळेत नवा दोर आला होता, रस्सीखेचीचा. जुना बाद झाला होता. सुताचा, मऊ, मनगटाएवढा जाड. मी विचार केला, याने वळ उठणार नाहीत. लांब आहे, अंगणभर फिरेल, उन्हात बसेल, हौदावर जाईल. मी मोटरसायकलला बांधून तो घेऊन आलो. टेप काढून खांबापासून गेटपर्यंत मोजलं. दोन्हीकडच्या गाठी जाऊन दोर शंभर फूट ठेवला. दोन फूट मुद्दाम कमी. कमरेला सरकणार नाही, आवळणार नाही अशी गाठ मारली, एनसीसीच्या कॅम्पात शिकलो होतो ती. सगळं करून झाल्यावर सुनेने चहा दिला आणि म्हणाली, "नाना, तुमी हुता म्हनून." मी तो चहा पिऊन आनंदाने घरी गेलो होतो. आज तो आठवला की चूळ भरावीशी वाटते.

त्यानंतर तीन वर्षं दादा शनिवारी पहाटे गेटकडे जायचा. गेटच्या दोन फूट अलीकडे दोर ताणला जायचा. मग तो अंगाचा सगळा भार पुढे टाकून ओढत उभा राहायचा, रस्सीखेचीत शेवटचा गडी उभा राहतो तसा. तासन् तास. त्याच्या टाचांनी तिथे दोन खड्डे पडले होते. वहिनी त्याच्याजवळ उभी राहून सांगायची, "आज बाजार न्हाई वो. आज मंगळवार हाय." कधी त्याला ते पटायचं, कधी नाही. मी महिन्या-दोन महिन्यांनी यायचो, गाठ तपासायचो आणि जायचो. वाल्मिकला त्याचा फोटो हवा होता तेव्हा तो मी अशाच एका शनिवारी काढला. दादा गेटकडे बघत होता.

मागच्या फाल्गुनात तो तापाने गेला, गोठ्यातच. गेला तेव्हा दोर सोडलेला होता की नव्हता हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

पहिला नंबर आलेला पोरगा गेटातून आत शिरला आणि ओकला. टी-शर्टवरच ओकला. लोकांनी त्याच्या गळ्यात हार घातला.

डॉक्टर स्टेजवर चहा घेत होते. मी तीनदा पायऱ्या चढलो. पहिल्यांदा वाल्मिकने मला हाताला धरून फोटोत उभं केलं. दुसऱ्यांदा म्हणाला, "नाना, बक्षिसाची यादी?" तिसऱ्यांदा डॉक्टर भाषणाला उठले. माणूस बरा होता. साध्या शब्दांत सांगत होता. नावं चुकतात. तेच काम माणूस पुन्हा पुन्हा करतो. दिवस, वार लक्षात राहत नाही. वस्तू भलत्या जागी जातात. लवकर ओळखा, उपचार होतात, निदान त्रास कमी होतो. आणि माणसाला बांधू नका, कोंडू नका. हे तो सांगत असताना त्याच्या मागच्या खुर्चीत वहिनी सत्काराच्या हारातली फुलं एकेक तोडून दोन चपलांमध्ये सारखी वाटून ठेवत होती. 'बांधू नका'ला सगळ्यात जोरात टाळ्या वाल्मिकने वाजवल्या.

भाषण झाल्यावर डॉक्टरांना दौंडला जायचं होतं. मी गाडीपर्यंत धावत गेलो. काच खाली झाली. "डॉक्टर, माझी वहिनी..." एवढंच तोंडातून निघालं तोवर वाल्मिक मध्ये आला आणि नारळ, शाल, उसाच्या रसाची बाटली त्यांच्या मांडीवर ठेवली. डॉक्टरांनी घाईने एक कार्ड माझ्या हातात दिलं. "सोमवारी ओपीडीला आणा," म्हणाले. गाडी गेली. वाल्मिक माझ्याकडे बघून दात काढत हसला. "नाना, तुमी बी ना."

मी कार्ड खिशात घातलं. निदान एवढं तरी हातात आलं, असं वाटलं. हे किती गंभीर आहे ते घरात कुणाला कळलेलं नाही, मीच शांतपणे बसून समजावीन आणि सोमवारी गाडी करीन, असा माझा हिशोब होता.

त्यानंतर महिलांची रस्सीखेच होती. कार्यक्रमपत्रिकेत ती होती हे मी वाचलं होतं, पण दोर कुठून येणार हे डोक्यात आलं नव्हतं. "दोर?" मी विचारलं. "घरीच हाय की," वाल्मिक म्हणाला आणि त्याने माणसाला गोठ्याकडे पाठवलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्याला लाज वाटत नव्हती, कारण त्याला काही वाटतच नव्हतं. पहारीला पहार म्हणावी, दोराला दोर, एवढंच त्याच्या लेखी होतं.

माणसाने दोर आणून माझ्या पायाशी टाकला. एका टोकाला माझी गाठ अजून तशीच होती. फास आतल्या बाजूने काळा, तेलकट पडला होता. त्याला दादाच्या घामाचा वास होता आणि शेणाचा आणि आणखी कशाचा तरी, ज्याचं नाव मला घ्यायचं नाही. मी नखांनी, दातांनी गाठ सोडवायला बघितली. सुटली नाही. तोंडात ती चव आली आणि मी हौदावर जाऊन खळखळून थुंकलो.

परत येईपर्यंत बायका दोन बाजूंना उभ्या राहिल्या होत्या. शेवटची गडीण पूजा नावाची धिप्पाड बाई होती. तिने तो फास डोक्यावरून कमरेत घातला. "बराबर बसला," ती म्हणाली आणि सगळ्या हसल्या. दोर ताणला गेला. मला शिट्टी मारायची होती. शिट्टी तोंडात होती आणि फुंकर येत नव्हती.

तेवढ्यात वहिनी स्टेजवरून उतरली. कुणी तिला हात दिला नव्हता. सरळ चालत पूजाजवळ आली, खाली बसली आणि तिच्या कमरेची गाठ ओरबाडायला लागली. "सोडा त्यांना," ती म्हणाली. "सकाळधरनं उभं हायत. भाकरी तरी खाऊ द्या."

  लगेच माईक वाजला, "आमच्या मातोश्रींचा उत्साह बघा मंडळी, त्यांना बी खेळायचं हाय," आणि सगळं मैदान खो खो हसलं. पूजाही हसली, पण तिचा हात कमरेवरून बाजूला झाला होता आणि ती फासाकडे बघत होती. वाल्मिकची बायको आरती आली, तिने वहिनीला दंडाला धरून उठवलं आणि खुर्चीत नेऊन बसवलं. मग शिट्टी दुसऱ्याच कुणीतरी मारली. कोण जिंकलं ते मला माहीत नाही.

लोक पोह्यांच्या रांगेत गेले. अंगणात टी-शर्ट पडले होते, कुणी त्याने बुटांचा चिखल पुसला होता. मी दोर गुंडाळायला लागलो. वहिनी पुन्हा माझ्याजवळ येऊन जमिनीवर बसली. फास मांडीवर घेतला आणि गाठ उकलायला लागली.

"भावजी, ही कोनी मारली? लई घट हाय."

आज पहिल्यांदा तिने मला भावजी म्हटलं. "मी मारली, वहिनी," मी म्हणालो.

"असं मारत्यात व्हय," ती म्हणाली आणि काम करत राहिली.

आरती पोह्यांची बशी घेऊन आली. पोरगी वाईट नाही. पहाटे चारला उठते, सात म्हशींचं शेणघाण करते, दादाचं हगणं-मुतणंही तिनेच काढलं. माझ्या हातात बशी देऊन ती दोराकडे बघत म्हणाली, "नाना, तेवढा दोर शाळेला नेऊ नका बरं. हितंच राहू द्या."

"कशाला?"

"लागंल की आता." तिने वहिनीच्या खांद्यावरचा पदर सारखा केला, मायेने केला. "परवा बी गेटाच्या भाईर गेल्या हुत्या. मी एकटी कुठं कुठं बघू?"

मला नीट समजायला वेळ लागला. "तुला माहीत आहे?"

"दिवाळीपासनं."

"आणि वाल्मिकला?"

"त्यांनीच तर सांगितलं मला. म्हनले, एवढी इलेक्शन होऊ दे. मग काय, माप तर नानांनी घेतलेलंच हाय."

तिने हे मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. तिच्या आवाजात कुठे खोट नव्हती. सकाळपासून मला या लोकांची किळस येत होती, त्यांच्या टाळ्यांची, फेट्याची, माईकची. आता ती सगळी माझ्याच घशाशी आली. मी मनगटाएवढा मऊ दोर आणला होता, वळ उठू नयेत म्हणून. या घरात म्हातारं माणूस विसरायला लागलं की काय करायचं असतं ते मी शिकवून ठेवलं होतं, टेप लावून. मी बशी खाली ठेवली.

गोठ्याच्या भिंतीला कोयता टेकवलेला होता. तो घेऊन मी फास वहिनीच्या मांडीवरून उचलला, दगडावर धरला आणि गाठीच्या मागे घाव घातला. तीन घाव लागले. आरती दचकून मागे सरली. "नाना, अवो, कशाला?" मी उरलेल्या दोराचेही तुकडे केले, दोन-दोन हातांचे, ज्यांनी शेळीसुद्धा बांधता येऊ नये. मग छबूबाईला, माझ्या बायकोला, फोन लावला आणि सांगितलं की वहिनी आपल्याकडे राहायला येतेय, उद्या नगरला न्यायचीय. तिने विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, ते विचारू नको.  "आना," म्हणाली.

वाल्मिक लांबून हात करत होता, बक्षीस वाटपाला पंचांनी यावं म्हणून. माईकवर माझं नाव पुकारलं गेलं, दोनदा. मी वहिनीला हात दिला.

"चला, वहिनी."

"कुठं?"

"बाजाराला."

"आज कंचा वार हाय?"

रविवार होता. "शनिवार," मी म्हणालो.

ती उठली. दोन वेगवेगळ्या चपला घालून माझ्यासोबत भराभरा चालायला लागली, मला वाटलं होतं त्यापेक्षा भराभर. गेटपाशी आलो आणि ती थांबली. दोन फूट अलीकडे, बरोबर त्या दोन खड्ड्यांपाशी. मागे वळून तिने गोठ्याकडे बघितलं.

"मंग ह्यांना बी सोडा की."

"सोडलं, वहिनी. पुढं गेला तो."

तिने माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं. तिच्या नजरेत त्या घडीला काही विसरलेलं नव्हतं.

"कवा सोडलं?" तिने विचारलं.

मागे माईकवर तिसऱ्यांदा माझं नाव पुकारलं.  मी तिचा हात घट्ट धरला आणि गेट उघडलं.